कव्हरवरचं दय्यम

सगळी कॉमिक्स मी जमवत नाही.
फक्त कॅप्टन उल्काची, त्यातलीही
ज्यांच्या कव्हरवर भूत आहे तेवढीच.
अशी त्रेपन्न निघाली, असं दस्तगीर रद्दीवाला म्हणतो.
माझ्याकडे एकोणपन्नास आहेत,
चादरींच्या खोक्यात, डांबरगोळ्या घालून.

अंक अकरा: कवट्यांची विहीर.
अंक सव्वीस: उलट्या पायांची वरात, पुढे बँडवाले,
त्यांनाही डोकी नाहीत, पण गणवेश कडक इस्त्रीचा.
अंक चाळीसवर चंद्राला दात आहेत.

आत भूत नसतंच कधी.
शेवटून दुसऱ्या पानावर उल्का मुखवटा ओढतो
आणि निघतो सोन्याचा स्मगलर
नाहीतर मृत्युपत्रात नाव नसलेला पुतण्या.
"का बे, पैसे कव्हरला देतो का गोष्टीला?"
सिद्राम विचारायचा.
कव्हरलाच की.
पुतण्ये काय, आमच्या साखर पेठेत पण होते.

वाचायचो मागावरच्या बल्बखाली.
वर जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ
खटक खटक सरकायची, भिंतीवर तिची सावली
मणके मोजत चालल्यासारखी.
नान्ना म्हणाले होते एकदा,
पुठ्ठ्याला भोक आहे तिथंच मोर उमटतो,
कोऱ्या पुठ्ठ्यातून काही येत नाही.
मी म्हटलं हं, आणि पान उलटलं.

अंक सतरा त्या एप्रिलातला.
पत्रा इतका तापलेला की शाई बोटाला यायची.
कव्हरभर काळा झगा,
झग्याच्या वर एक तोंड.
त्या तोंडाचं मी वर्णन करत नाही,
चाळीस वर्षांत जमलेलं नाही.
सुगुणा तीन रात्री झोपली नाही.
"दय्यम बघतंय," म्हणायची तेलुगूत, उशी डोक्यावर घेऊन,
आणि मी, मोठा भाऊ, अंक मुद्दाम
तिच्या उशाशी टेकवून ठेवायचो.

चौथ्या दिवशी शाळेतून आलो.
आई सुपात पानं घेऊन बसलेली,
हजार विड्या पुऱ्या व्हायच्या होत्या.
तिनं पत्र्याचा फर्मा ठेवला होता कव्हरवर
आणि त्याच कात्रीनं, त्याच मापानं
एक विडीचं पान कापावं तसं
तोंड कापून घेतलं होतं.
बोलली काहीच नाही. पुढचं पान उचललं.

मी रडलो, जेवलो नाही,
मग शेंगाचटणीचा वास आला आणि जेवलो.

परवा पुण्याहून एकाचा फोन होता.
सतराव्या अंकाचे तो इतके देतो म्हणाला
की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून पुन्हा ऐकलं.
फोटो पाठवला. मग म्हणाला,
अरेरे, डॅमेज आहे हो.
आहे खरं.

भोकातून आतलं पहिलं पान दिसतं,
तिथं दंतमंजनाची जाहिरात,
आणि नेमकं त्या जागी, काळ्या झग्याच्या वर,
एक गोबरा मुलगा सगळे दात काढून हसतोय.
सुगुणा गेल्या दिवाळीला आली तेव्हा बघत राहिली.
"अण्णा, तू असाच हसायचास,
माझ्या उशाशी ठेवताना."

आई जाऊन सहा वर्षं झाली.
फर्मा सापडला, कात्री सापडली,
सुपाच्या विणीत अडकलेली तंबाखूची भुकटी सापडली.
कापलेलं तोंड नाही.
तिनं ते जाळलं नसणार, छापील कागदाला ती
चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची.

चार दिवसांनी नळाला पाणी येतं, पहाटे तीनला.
घागरी लावायला उठतो.
बल्ब न लावताच जातो मी,
सवयीनं.
फडताळापाशी मात्र जरा खाकरतो.