तिळाएवढे कान

एदेलमिरा चिग्वायने दोन गाई विकून
शंभर वॅटचा सेट घेतला.
भाऊ मार्चपासून दक्षिणेच्या बेटांत,
पाण्याखालून साळिंदरासारखे काटेरी प्राणी गोळा करणाऱ्या ताफ्यात.
रोज संध्याकाळी सहाला ती बटण दाबायची,
हाक मारायची,
बटण सोडायची.
पलीकडून फक्त तेल तापल्यासारखी चरचर.

माल नेणाऱ्या लाँचवाल्यांना विचारलं,
ते म्हणाले, बरा आहे एलिएसेर,
आणि गालात हसले.
का हसले, ते तिला कळलं नाही.

मला निरोप आला ऑगस्टमध्ये.
मी ओहोटीला उतरलो, हातात मीटर, खिशात कथील,
आणि डोक्यात बाल्दोमेरोने घोकून घेतलेलं:
आधी तार बघ, मग जागा बघ,
सेटला दोष सगळ्यात शेवटी.

अँटेना चुलीच्या धुराड्याला बांधलेली होती,
पत्र्याच्या छपरावर, डोंगराच्या कुशीत,
थंडी वाजणाऱ्या म्हातारीसारखी.
केबलचं काळं कातडं तडकलेलं.
मी सुरी फिरवली, आतून पाणी ठिबकलं,
तांबं शेवाळासारखं हिरवं.

'अजून मोठा सेट घेऊ का?' तिने विचारलं.
बाई, मी म्हटलं,
तुमचं तोंड आभाळाएवढं आहे
आणि कान तिळाएवढे.

मग आम्ही सायप्रसचं खोड ओढत नेलं
थेट भरतीच्या रेषेवर,
जिथे तिच्या आजोबांनी कधी होडी बांधली होती.
नऊ मीटर तार, सरळ उभी,
लाटेच्या लांबीची चौथाई.
बुडापासून चार तारा समुद्राकडे,
शेवाळात, शिंपल्यांत, खाऱ्या चिखलात.
ती म्हणाली, गंजेल.
गंजेल, मी म्हटलं, दरवर्षी बदला.
पण अर्धी अँटेना आता समुद्र आहे,
आणि समुद्र फुकट मिळतो.

मीटरचा काटा हट्टी होता.
पाठवलेली लाट भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी
अर्ध्यातून परत येत होती.
मी पकडीने बोटभर तार कापली.
पुन्हा बोटभर.
तिसऱ्या वेळेला अर्धं बोट,
आणि काटा झोपला.

सहा वाजले.
तिने बटण दाबलं, हाक मारली, सोडलं.
चरचर पातळ झाली, जशी दुधावरची साय बाजूला सारावी,
आणि तळातून एक माणूस बोलला:

'अगं, ऐकू येतंय की.
रोज ऐकू येतंय. पाच महिने.
मी रोज उत्तर देतो, तू दुसरंच काहीतरी बोलत सुटतेस.
मला वाटलं, रागावली आहेस.'

एदेलमिराचा चेहरा आधी पांढरा झाला,
मग कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल.
कारण पाच महिने, उत्तर येत नाही म्हणून,
तिने त्या चरचरीलाच सगळं सांगितलं होतं:
शेजारणीने बटाट्यांत कसं फसवलं,
दाढ दुखते, रात्री भीती वाटते,
आणि पोस्टात बसणारा तो विधुर,
ज्याच्या चष्म्याला एक काडी नाही.
कुणी ऐकत नाही, अशा विश्वासाने
माणूस जे बोलतो, ते सगळं.

ताफ्यात चौदा होड्या.
प्रत्येकीवर पाच वॅटचा सेट, गाडीची बॅटरी,
आणि चांगले, उंच, कोरडे कान.

ती माइक धरून बसली, शब्द नाही.
मीही कथिलाची गुंडाळी उलटीसुलटी करत राहिलो.
तेवढ्यात एक अनोळखी आवाज,
कुठल्यातरी लांबच्या खाडीतून, घोगरा, सर्दीतला:

'बाई, माफ करा मधे बोलतो.
गुरुवारी तुम्ही अर्ध्यात थांबलात.
त्याला चष्म्याची काडी नेऊन दिलीत का,
की नाही?'

तिने माझ्याकडे पाहिलं.
मी बाहेर गेलो,
एका तारेला अजून थोडा ताण द्यायचा होता.