एक नंबरचा पाय

पंखा बंद. हे पहिलं.
वसमतच्या मे महिन्यात पंखा बंद करणं
म्हणजे आईच्या मते डोकं फिरणं.
पण वारा लागला की रेझिस्टर उडतो,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढा,
मग फरशीच्या भेगा चाचपत
अर्धी रात्र गुडघ्यांवर.

म्हणून परात घेतली, भाकरीचं पीठ मळायची,
आईला न विचारता.
तिला कड आहे. पडलं तरी आतच पडतं.

चिमटा वहिनीच्या पार्लरचा,
भुवया कोरून कोरून टोकं फाकलेला;
पाट्यावर घासून जुळवला.
राळ दहा रुपयांची, स्पिरिटमध्ये विरघळवून
नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीत,
झाकणाला ब्रश आयताच.
सोल्डरगन पंचवीस वॅटची, टोक करंगळीएवढं,
त्याला तांब्याची तार गुंडाळून
पुढे काढली सुईसारखी.
भिंग घड्याळवाल्या रौफचाचांचं. तडा गेलंय,
तडा टाळून बघायचं.

काटा झंवर शेठचा, मोंढ्यातला.
उघडला तर आतून पिवळाधमक:
पाच हंगामांची हळद
बोर्डावर, तारांवर, स्क्रूच्या खाचांत.
टूथब्रशनं झाडली, सात वेळा शिंकले.
आई दारातून म्हणाली,
"काय करायलीस गं? हळद लागल्यावानी दिसायलीस."
मी मान वर केली नाही.

कंपनीचा माणूस नांदेडहून येणार होता,
नवा बोर्ड, अडीच हजार.
मी म्हटलं, चिप अडतीस रुपयांची, दोन मागवते.
शेठ माझ्याकडे बघत राहिला,
मग माझ्या हातांकडे.

सोळा पाय. गोमेसारखे, दोन्हीकडे आठ-आठ.
एका कोपऱ्यात ठिपका: तो एक नंबरचा पाय.
पहिल्या रात्री मी ठिपका समजून
साच्याचा वण धरला.
वीज दिली. वास आला.
हा वास ज्याला कळतो त्याच्या पोटात खड्डा पडतो,
बाकीच्यांना वाटतं शेजारी दूध लागलं.

अडतीस गेले. एक उरली.

दुसऱ्या रात्री दोनपर्यंत थांबले.
गिरण्या निजल्या, कूलर निजले,
की व्होल्टेज चढतं,
तेव्हाच कुठं ही सोल्डरगन तापते.
आधी कोपऱ्यातला एक पाय, नुसता टेकवून.
भिंगातून बघ. सरळ आहे?
पुन्हा बघ.
मग तिरकस समोरचा.
मग राळ, हात आखडता न घेता,
आणि कथिलाचा थेंब टोकावर घेऊन
ओढत न्यायचा आठही पायांवरून, एका दमात.
पायाला ते धरतं, फटीला सोडतं,
आपण मध्ये लुडबुडायचं नाही.

अकरा-बारा एकमेकांना चिकटले.
जुन्या केबलची जाळी राळेत बुडवून दाबली;
जास्तीचं पिऊन घेतलं तिनं,
पाय पुन्हा आपापले.
शेजारचा एक रेझिस्टर तेवढा चिमट्यातून निसटला,
टिचकी मारल्यासारखा.
परातीत नाही, फरशीवर नाही.
डबीतला दुसरा लावला.

घामाचा थेंब नाकाच्या शेंड्याशी लोंबत होता,
बोर्डाच्या बरोब्बर वर.
पडला नाही. एवढंच सांगते.

सकाळी मोंढ्यात शून्य आलं.
वीसचं वजन ठेवलं: वीस. एकोणीस नव्वद.
वीस. वीस.
शेठ म्हणाला, "चालंल."
लिंबाजी हमालानं चपला काढल्या
आणि कुणी न सांगता काट्यावर चढला.
त्रेपन्न किलो चारशे.
"पोतं साठाचं, अन् मी त्रेपन्न?"
हसला, का कोण जाणे,
आणि साठाचं पाठीवर घेऊन गेला.

सहाशे मिळाले. जळकी चिप मी हिशेबात धरली नाही.
परात आईनं राखेनं दोनदा घासली,
माझ्याकडे बघत.

आठवड्यानं जेवताना
बाबांच्या दाताखाली कच्च झालं.
"खडा," म्हणाले, ताटाच्या कडेला काढला.
मी उचलला, धुतला, भिंगाखाली धरला,
तडा टाळून:
एक, शून्य, तीन.
मीटर लावलं.
दहा हजार ओहम, पुरे.
डबीत टाकला.