थकबाकी

एकतीस वर्षं पोलोग्राउंडच्या कचेरीत
मी लोकांचे दिवे मोजले.
थकले त्यांच्या नावापुढे तांबडी खूण,
पंधरा दिवसांची नोटीस,
मग शिडी घेऊन निघालेला लाइनमन.
खांबावर काय व्हायचं ते मला दिसत नसे.
माझ्याकडे फक्त कागद परत यायचा:
जोडणी तोडली.

आता चोरलच्या पाण्याकाठी
शाळेच्या जुन्या मॅटाडोरमध्ये
माझ्या अंथरुणाखाली दोन बॅटऱ्या, टपावर एक पॅनेल,
दाराशी दोन बोटं रुंद डबी, हिरव्या आकड्यांची.
बारा पॉइंट सहा म्हणजे जेवण झालेलं.
बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धपोटी.
त्याखाली जाऊ नका, सियागंजातले हकीमुद्दीनभाई म्हणाले होते,
शिशाला उपासाची सवय लागली, बाईजी,
की मग ताट वाढलं तरी ते जेवत नाही.

गाडी नणंद चालवते.
चिमणबागेतली पोरं बावीस वर्षं तिनेच शाळेत पोचवली.
मोठी झालेली ती पोरं तिला बाजारात ओळखत नाहीत,
हॉर्न मात्र ओळखतात.
तिला ऊन सोसत नाही, मला ऊन हवंच,
रोज दुपारी आमचं यावरून.
ती करंजाखाली गाडी घेते.
मी सांगते, एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली
तरी सबंध पॅनेल रुसून बसतं.
मग तू बस टपावर, ती म्हणते,
त्याची समजूत काढत.

आणि मग तीन दिवस आभाळ.
फाल्गुनात, काही कारण नसताना.
सकाळी बारा पॉइंट तीन,
संध्याकाळी बारा पॉइंट एक.
मी वही उघडली. हात अजून तोच आहे.
पहिली नोटीस पंख्याला.
दुसरी पाण्याच्या पंपाला: तांब्याने घेऊ.
तिसरी तिच्या रेडिओला, तिची पोच आली नाही.
उरला तो डब्याएवढा फ्रिज,
त्यात तिच्या इन्सुलिनच्या चार कुप्या
आणि वाटीभर माझं लोणी.

इंजिन चालू कर, मी म्हटलं, तासाभरात चढेल.
आणि डिझेल? सिमरोलचा घाट काय ढकलत चढायचा?

तुझा भाऊ असता तर दोन पॅनेलं बसवली असती.

माझा भाऊ असता, ती म्हणाली,
तर आपण इथे नसतो.

यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
पाण्यावर टिटवी ओरडत होती,
तिला कुणाची परवानगी लागत नाही.

मग नणंद खाली उतरली.
माठात काठावरची ओली वाळू भरली,
कुप्या प्लॅस्टिकच्या डबीत, डबी वाळूत,
माठाभोवती तिचाच जुना ओला टॉवेल.
बंद कर तो, म्हणाली.
मी बटणावर बोट ठेवलं.
नोकरीत कधी नाही,
आज शिडी मी स्वतः चढले होते.

फ्रिजची घरघर थांबली
तेव्हा कळलं की ती इतके दिवस चालू होती.

अंधारात डबी तेवढी.
अकरा पॉइंट नऊ.
आम्ही दोघी पायरीवर, गुडघ्याला गुडघा लावून.
अर्ध्या तासाने बारा.
मग, ऊन नाही, इंजिन नाही,
बारा पॉइंट एक.
मी तिला हलवून दाखवलं.
कुणी काही दिलं नव्हतं त्याला,
मागणं तेवढं थांबलं होतं.

तिने पाहिलं. फार कौतुक केलं नाही.
बघत बसू नकोस, ती डबीसुद्धा खाते, म्हणाली.
आणि ते लोणी आण बाहेर,
सकाळपर्यंत टिकायचं नाही.

बोटांनीच खाल्लं,
सकाळच्या गार भाकरीबरोबर,
कुणाची बोटं कुठली
ते न बघता.