फट

सिक्सटेन गाडीजवळ जात नाही लगेच.
वितळत्या बर्फाच्या राडीत लांब उभा राहतो,
टोपी मागे सारून, एक डोळा मिटून,
गवंड्याने ओळंबा लावावा तसा.
"कमरेची रेघ बघ," एवढंच म्हणतो.

पुढच्या मडगार्डावरून निघालेली रेघ
दोन दारं ओलांडून मागच्या दिव्यापर्यंत जाते.
वाटेत कुठे दचकते का,
ते मी सांगायचं.

फिलिपस्टाडबाहेर, गुन्वोर आल्स्त्रमच्या कोठारापुढे
सदुसष्ट सालची व्होल्वो अमेझॉन,
गडद निळी, पहिल्या हाकेला ओ देणारी.
मी तर तिथंच भाळलो.
म्हाताऱ्याने कोपर मारलं:
"इंजिन काय, दुसरं बसवता येतं.
फट वाचायला शीक."

दोन नाणी जोडून त्याने माझ्या हातात दिली.
मागच्या डाव्या दाराच्या फटीतून वरून खाली नेली
तर कुठे सैल, कुठे अडकत.
"ही कारखान्यातली. सोमवारी सकाळी जुळवलेली असणार.
एवढ्यातेवढ्याला भिऊ नकोस.
वर रुंद आणि खाली चिंचोळी झाली तर भी.
मग उंबरठा खचलेला असतो, नाहीतर खांब सरकलेला."

दार अर्धं उघडून खालून उचलायला लावलं.
बिजागरी तांदळाच्या दाण्याइतकी हलली.
"चालेल. आता आपटू नकोस, नुसतं सोड.
ऐक."
जाड वही मिटावी तसा आवाज.

चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलं.
उंबरठ्याला चिकटलं, चाकाच्या कमानीला चिकटलं,
आणि पुढच्या उजव्या दाराच्या कडेवरून
सरळ घसरून चिखलात पडलं.

पण तिथली फट!
नाणी लोण्यातून जावीत तशी गेली,
वरपासून खालपर्यंत एकसारखी.
मी म्हटलं, "हेच सगळ्यात सुबक."

सिक्सटेन गप्प.
मग, "इतकं सरळ काही नसतं रे,"
आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी राडीत बसला.
दाराच्या खालच्या कडेला, जिथं कुणी बघत नाही,
तिथं बोट घातलं.
तिथंच ठेवलं.
गुन्वोर कॉफी घेऊन आली तरी काढलं नाही.

"बाबांनी त्र्याहत्तरला घेतली," ती सांगत होती,
"कधी ओरखडासुद्धा नाही हिला."

"एल्क आडवा आला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला,
"बहात्तरच्या नोव्हेंबरात. तुमच्या वडिलांच्या आधीचा मालक.
खांब बोटभर आत गेलेला.
कार्लस्टाडचा दलाल म्हणाला, शुक्रवारपर्यंत पाहिजे.
खांब ओढायला आठवडा लागला असता.
मी दाराच्या कडेवर शिसं चढवलं, कानशीने घासलं,
फट दिसायला हवी तशी दिसली.
वरचे पन्नास क्रोनर घेतले.
खाली कानशीच्या तीन खुणा करायची सवय होती मला."

कपातून वाफ निघत होती.
मी नाणी खिशात टाकली,
ती वाजली म्हणून परत मुठीत धरली.

गुन्वोर हसली नाही, चिडलीही नाही.
"नव्वदच्या वर गेली की ते दार शीळ घालायचं," म्हणाली.
"बाबा म्हणायचे, गाडीला गाणं सुचतंय.
तेही घालायचे मग, तिच्याच सुरात.
आम्ही मागे बसून हसायचो."
थोडं थांबून, "त्यांना कळलं नाही कधी."

सिक्सटेनने टोपी काढली, झटकली, परत घातली.
मला म्हणाला, "किंमत तू बोल. मला विचारू नकोस."

मी बोललो ते कमी होतं की जास्त,
अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना तो त्याच दाराशी बसला होता.
दोन्ही बाजूंना काळवंडलेला बर्फ, मध्ये मीठ टाकलेला ओला रस्ता.
काटा नव्वदवर गेला.
बारीक, उंच,
जुन्या किटलीसारखी.

त्याने तळहात फटीवर दाबून धरला.
शीळ थांबली नाही.
त्यानेही हात काढला नाही.