चौथ्या गल्लीला प्रेशर कमी

मगदूम मळ्यात मळा नाही.
पहिली गल्ली आहे, दुसरी आहे, मग एकदम चौथी.
तिसरी कुठाय म्हणून विचारणारा
नवा पोस्टमन असतो, नाहीतर सोयरिकीला आलेला पाहुणा.

मी सांगतो. माझ्या खांद्यावर चावी असते,
चार फुटी, लोखंडी.
पहाटे सव्वापाचला झाकण उचलायचं, पाणी सोडायचं,
एवढंच काम. तेवीस वर्षं.
पाणी कुठवर गेलं ते डोळ्यांना दिसत नाही,
चावीच्या दांड्याला कान लावावा लागतो.
मग बाकीचंही ऐकू येतं.

ऊस होता इथं. त्याआधी हळद.
आदगोंडा मगदुमांनी प्लॉट पाडले
ते मुलीच्या लग्नाला की कोर्टाच्या खर्चाला,
यावर दुसऱ्या गल्लीत अजून दोन पार्ट्या आहेत.
रमजान मुलाणी दोरी धरून पुढं चालला,
मागनं चुन्याची फक्की.
तिसऱ्या पट्ट्यावर धाकटा भाऊ आडवा झाला,
आडवा म्हणजे खरंच आडवा, सरीत, धोतरासकट.
दोरी उचलली, त्याच्या पलीकडं टाकली
आणि चौथी आखली.
वीस वर्षं त्या पट्ट्यात गवत आणि तारीख पे तारीख.
आता तिथं पद्मावती रेसिडेन्सी आहे, लिफ्टची.
पत्ता मात्र 'दुसरी आणि चौथीच्या मधे'.

राहायला आले ते सूतगिरणीतले.
आधी पाया, मग वर्षभर त्यात कुत्री,
मग एक खोली, मग बोनस, मग जिना.
वरचा मजला यायचा होता, जिना येऊन बसला.
अर्ध्या आभाळात थांबलेले जिने सगळ्या मळ्यात,
पायरी-पायरीवर बिराजदार काकूंचे सांडगे.
काही जिन्यांना मजला मिळाला.
काहींना मोबाईलचा टॉवर.

चौथीच्या तोंडाला मगदुमांची विहीर होती.
मुरूम टाकून, कारखान्याची राख टाकून बुजवली.
दर उन्हाळ्यात तिथला रस्ता एक वीत खाली बसतो,
दर निवडणुकीला त्याच्यावर डांबर पडतं.

त्या ऑगस्टात
आयर्विनचे फूट मोजता मोजता रात्र गेली.
सकाळी नाव आली. नावाडी परगावचा.
"रस्ता कुठला?" म्हणाला.
रस्ता कुठला म्हणजे काय सांगणार,
मी पुढं बसलो.
ही पहिली. डावीकडं जपून, खाली व्हॉल्व्हचा चौथरा आहे.
हे उपाध्यांचं गेट, त्याला भाले आहेत.
मग कंपाउंडच्या भिंती संपल्या, म्हणजे बुडाल्या,
आणि दुसरीतनं आम्ही सरळ आत शिरलो,
तिसरीत.
जन्मात पहिल्यांदा.
दोन्हीकडं गॅलऱ्यांत माणसं, हातात पातेली, लेकरं,
पाण्यानं आखलेली, रुंद, नीट गल्ली.
कुणी आडवं नव्हतं.

चौथीच्या तोंडाला पाणी गोल फिरत होतं,
सावकाश. एक चप्पल, एक दप्तर, भोपळ्याचा वेल.
"इथं वल्हं घालू नका," मी म्हणालो, "विहीर आहे."
बुजवून एक्केचाळीस वर्षं झालेली.
नावाड्यानं हात जोडले की तंबाखू मळली,
माझी पाठ होती, कळलं नाही.

पाणी उतरल्यावर सगळ्यांनी रंग काढला.
उपाध्यांनी दारामागची एक भिंत तशीच ठेवली,
तिथं नातवाची उंची पेन्सिलीनं लिहिलेली आहे
आणि पुराच्या दोन रेघा.
खालची त्यानं सातवीत ओलांडली.
वरच्या रेघेला हात पोचतो. टाच उचलून.

पुढच्या वर्षी मीटर बसणार म्हणतात, चोवीस तास पाणी.
मग चावी भंगारात, मी घरी.
नव्या पोराला मी नकाशा दिलाय, त्यात तिसरी काढलीय.
"हे काय?" म्हणाला.
म्हटलं, असू दे.

आज पुन्हा बिराजदार काकूंचा फोन.
चौथीला प्रेशर नाही.
जातो, बघतो.