नीरगंटी

बूट घरातच घालून हिंडा, असं पत्रकात लिहिलंय.
म्हणून गेले तीन आठवडे
भाकरी थापताना माझ्या पायात चिखलाच्या रंगाचे बूट.
शालन, माझी नणंद, उंबऱ्यात उभी राहून म्हणते,
"वैनी, बूट नवे हायत, खरं फरशी जुनी हाय."
मग तीही आपले चढवते.
दोघी धपधप करत दोन खोल्या ओलांडतो,
पुन्हा वळतो, पुन्हा ओलांडतो,
आणि खालची मल्लव्वा छताला काठी मारते.

बेट लांबचं. नकाशात
चतकोर भाकरीची करपलेली कड असावी तसं.
लांबी म्हणाल तर इथून निघून
संकेश्वर मागं टाकलं की समुद्र.
खरं उभं किती, ते विचारू नका.
डोंगर म्हणे पाण्यातनंच सरळ उठलेत,
पायथ्याला जागाच ठेवली नाही.

रविवारी पहाटे येळ्ळूरवरून राजहंसगड.
पाठीवरच्या नव्या पिशवीत सहा किलो तांदूळ,
वजनाची सवय व्हावी म्हणून.
शेळ्या घेऊन जाणारा पोरगा थांबला,
"गडावर कुणाचं जेवण हाय, मावशी?"
"आमचंच," शालन म्हणाली, "उतरलो तर."
पहिल्या वळणावर माझा गुडघा बोलला,
दुसऱ्यावर तिचा.
तिसऱ्यावर कुणीच बोललं नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं हिशेब लिहिला मी.
खुर्चीपासून कपाट, कपाटापासून खुर्ची.
हे चालणं बेरजेत धरतात का,
ते पत्रकात नाही.
पत्रकात आहे: रेनकोट, मोज्यांचे चार जोड, शिट्टी,
बोगद्यांसाठी कपाळावर बांधायचा टॉर्च,
आणि शेवटी एक चौकट, हो किंवा नाही:
हातभर रुंद काठावरून, एकीकडे वाहतं पाणी
आणि दुसरीकडे दरी, चालू शकाल?

शालननं लगेच हो केलं.
माझं पेन तिथंच.

त्या बेटावर डोंगराच्या अंगाअंगानं पाट काढलेत,
ओल्या बाजूचं पाणी कोरड्या बाजूला नेणारे,
आणि वाट म्हणजे त्या पाटाचाच काठ.

माझा बाप धाकलू
घटप्रभेच्या कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला.
आमच्या घरात पाटकरी, गावात नीरगंटी.
दोन्ही हाकांना तो सारखाच वळायचा,
पाणी उशिरा पोचलं की
दोन्ही भाषांतल्या शिव्या सारख्याच खायचा.
रात्री तीन सेलचा टॉर्च घेऊन काठानं निघायचा.
मी नऊ वर्षांची, मागनं डबा घेऊन,
दगडी कडेवर पावलापुढं पाऊल.
"पाण्याकडं बघू नको. माझ्या टाचंकडं बघ."
एका रात्री मी पाण्याकडं बघितलं.
चांदणं चाललं होतं त्यातनं, कुणाच्या तरी उसाला.

डबा गेला. मी वेणीमुळं हाताला लागले.
घरी त्यानं सांगितलं, डबा चोरीला गेला,
आणि आईनं माझ्या ओल्या परकराकडं बघून
काही न बोलता चूल पुन्हा पेटवली.
त्यानंतर मी कुठल्याच काठावर गेले नाही.
पोहायलाही शिकले नाही.

वाटाड्याचं नाव नुनो. त्याला एकच विचारलं:
तुमच्या पाटांवर रात्री पाणी सोडणारा
माणूस असतो का? त्याला काय म्हणतात?
असतो, त्यानं कळवलं. अजून असतो. लेवादैरो.
शालन भांडी घासताना तो शब्द म्हणून बघते,
दर वेळी कुठल्या तरी भाजीचं नाव होतं.

काल रात्री चौकटीत लिहिलं:
हो. खरं पुढं कुणीतरी चालत असावं,
टाचा दिसतील एवढ्या अंतरावर.

शालन म्हणाली, एवढं त्यात बसत नाही.
बारीक अक्षरात बसवलं, लेजरमध्ये बसवायची तसं.

या रविवारी तांदूळ आठ किलो.