तिकडे पाऊस आहे का

सदतीस पत्रं गेली. उत्तरं चार.
एक म्हणतं, निधी संपला.
एक, पुढच्या वर्षी बघू.

मी माशाच्या डोळ्यातल्या नसा बघते,
केसाहून बारीक, हिरव्या उजळणाऱ्या,
सुरी न लावता त्यांचे थर पाडते.
अर्जात हे असं लिहीत नाहीत.

नानांकडे पितळी भिंग आहे, घडीचं.
इंचात धागे किती, मोजतात.
एकदा माझ्या पडद्यावर टेकवलं
आणि म्हणाले, वीण सैल आहे.

ड्रेस्डेनच्या बाई आल्या दुपारी दोनला.
खिडकीला चादर ठोकलेली.
नानांनी आमचे चार माग बंद ठेवले,
शेजारचे बारा चालूच.
बाई बोलता बोलता थांबल्या.
तिकडे पाऊस आहे का?

मे महिना. साखर पेठ. त्रेचाळीस अंश.
मी म्हटलं, हो.

मग प्रथिनं, पिक्सेल, तीन वर्षांचा करार,
भाषा येते का, थोडी,
आणि शेवटी, कळवतो.

बाहेर नाना गप्प मागापाशी बसलेले.
काय विचारलं गं?
पाऊस आहे का, विचारलं.
“वाना?” म्हणाले, घरच्या तेलुगूत,
आणि खरंच वर बघितलं,
पत्र्याकडे.